रिकामी कळशी परत करत नाहीत

माझ्या ओट्यावर स्टीलची एक कळशी आहे. तिच्यावर कोरलेलं नाव माझं नाही, सासूबाईंचं नाही, नवऱ्याचंही नाही. आमच्या नगरसेविकेचं आहे. खाली बारीक अक्षरांत मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. गोडदेवमधल्या आमच्या गल्लीत घरोघरी ही कळशी आहे. पाहुणे विचारतात, ही बाई तुमची कोण लागते? मी सांगते, कोणी नाही हो, आमच्याकडे पाणी नसायचं ना, म्हणून तिनं कळश्या वाटल्या. पाहुणे हसतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करतेय.

चेष्टा कसली, जळ्ळं मेलं! परळची खोली विकून आम्ही इकडे आलो तेव्हा स्वतंत्र बेडरूम बघूनच मी हरखून गेले होते. इमारत चार मजली, लिफ्ट नाही, पण बाल्कनीतून वारा यायचा. बेसिनचा नळ फिरवून बघायचं मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही. नवरा म्हणाला, तू बघितला असशील. मी म्हटलं, तुम्ही बघितला असाल. संसार असाच चालतो आमचा.

नळाला गावाच्या वेळची जुनी, बारीक लाइन होती. गाव होतं तेव्हा ती पुरत असेल. नंतर गावाच्या अंगाखांद्यावर इमारती चढल्या आणि आमच्या वाट्याला करंगळीएवढी धार आली, तीही तिच्या लहरीवर. बाकी सगळं पाणी टँकरचं. टँकर आला की तळटाकी भरायची, पंप लावायचा, नळाला पाणी. टँकर नाही आला की फाटकाजवळच्या नळाखाली बादली लावायची आणि जिना चढायचा.

टँकर भाऊंचे. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे तेव्हाचे नगरसेवक. काशीमीऱ्याच्या नाक्यावर एक जुना टँकर उभा करून त्यांनी सुरुवात केली, हे ते स्वतःच भाषणात अभिमानानं सांगायचे. एकाचे अनेक झाले. मग हायवेवर हॉटेल, मग समोरच्या टॉवरमध्ये भागीदारी, मग नगरसेवकपद. त्यात काही लपवाछपवी नव्हती, सगळं डोळ्यांदेखत. महापालिकेची नवी जाड लाइन आली ती टॉवरच्या फाटकापर्यंत आणि तिथेच थांबली. टॉवरमध्ये पोहायचा तलाव आहे. आमची गल्ली त्या फाटकाच्या पुढे सुरू होते.

आणि ती लाइन पुढे का येईना, त्याची युक्ती तर ऐका. गल्लीत पाइप टाकायचं ठरलं रे ठरलं, की आधी आमचा रस्ता नवा व्हायचा. एकदा डांबर, एकदा पेव्हर ब्लॉक. नारळ फुटायचा, आम्ही पेढा खायचो. मग पाण्याच्या ऑफिसात सांगायचे, रस्ता आत्ताच झालाय, इतक्यात खोदता येणार नाही. रस्त्याचं काम कुणाकडे? भाऊंच्या मेहुण्याकडे. म्हणजे बघा, पाणी नाही म्हणून टँकर, टँकर आहेत म्हणून पैसा, पैसा आहे म्हणून निवडणूक, आणि निवडून आले म्हणून पाणी नाही. कुंपणच शेत खात होतं आणि आम्ही दर वेळी पेढा खात होतो.

पण भाऊंना नुसत्या शिव्या घालून भागत नाही. माणूस हाकेला धावायचा. कुणाच्या घरी मयत झाली तर खुर्च्या यायच्या, लग्न असलं तर टँकर फुकट. काकीच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा भाऊंचा फोटो लावलेली अँब्युलन्स पहिली आली. काकांचा जीव वाचला तो त्या गाडीमुळे. हे मी नाकारणार नाही आणि काकी तर कधीच विसरणार नाही.

काकी म्हणजे चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी, पण अख्खी इमारत तिला काकी म्हणते म्हणून मीही म्हणते. मूळची रत्नागिरीकडची. आवाज असा, की तिनं वरून हाक मारली तर रिक्षावाला थांबतो. काका पलंगाला खिळले तसं तिच्या घरचं धुणं वाढलं, आणि नेमके त्याच वर्षी तिचे गुडघे गेले. टँकर नसेल त्या दिवशी ती दोन्ही हातांनी कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरायची. वर चढताना बादली एक पायरी वर ठेवायची, मग स्वतः चढायची. आम्ही शेजारणी आणून द्यायचो, पण तिला ते आवडायचं नाही. "तुमचे गुडघे काय लोखंडाचे?" म्हणायची.

तिचा मुलगा चिंचवडला. त्यानं निर्वाणीचं सांगितलं होतं, की या मे महिन्यापर्यंत नळाला पाणी आलं तर ठीक, नाहीतर फ्लॅट विकायचा आणि दोघांनी तिकडे यायचं. मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण काकीला तिकडे जायचं नव्हतं. तिथे सातव्या मजल्यावर मी कुणाशी भांडू, असं तिनं मला विचारलं होतं. आणि मला ती जायला नको होती. उगाच कशाला लपवा? या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची?

म्हणून मी अर्ज लिहिला. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले, हा माझा स्वतःचा. रस्ता करायच्या आधी पाइप टाका, एवढंच मागणं. पहिली सही काकीची घ्यायची म्हणून वर गेले.

काकी म्हणाली, "मी नाय सही करणार."

"का गं?"

"वाण घेतलंय ना गो बाय. परवाच्या संक्रांतीला वहिनींनी कुंकू लावून हातात कळशी दिली. ती घेऊन घरी आले, आणि आता त्यांच्याविरुद्ध सही करू? लाज आहे मला."

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. वॉर्डातली ती जागा बायकांसाठी ठेवणार अशी बोलवा होती, म्हणून भाऊंनी आधीच वहिनींचे फलक लावले होते. भावी नगरसेविका. फलकावर वहिनींचा फोटो एवढासा आणि भाऊंचा एवढा. मोठा मंडप घालून त्यांनी हळदीकुंकू केलं, तिथेच त्या नाव कोरलेल्या कळश्या वाटल्या. मीही घेतली. पुढे आलेल्या कुंकवाला आणि वाणाला नाही म्हणायचं नसतं, हे आपल्या अंगातच असतं.

माझं डोकं फिरलं. "अगं, आपल्याच घशाला कोरड पाडून आपल्यालाच कळशी! आणि मिंधी कोण, तर आपण?"

"तू शिकलेली, तुला मिंधं वाटत नसंल. माझ्या माणसाला त्यांच्या गाडीतून नेलं. मला वाटतं."

मी तणतणत खाली आले. गल्लीत फिरले तर घरोघरी तेच. बाजूची गुजराती बेन म्हणाली, "दीदी, बात तो सही है, पण कळशी लिधी छे ने." म्हणजे घेतलीय ना. वाणाची रीत तिला आमच्या शेजाराने लागलेली, आणि लागली ती अशी घट्ट! निवडणुकीत नोटा वाटल्या असत्या तर या बायकांनी त्या घेऊन मत हवं तिथे दिलं असतं. नोटेला कोण लाजतो? पण कुंकू लावून दिलेल्या कळशीनं सगळ्या गल्लीची जीभ टाळूला चिकटवली. भाऊंना हे बरोबर कळलं होतं.

काकी आणि मी दोन-चार दिवस बोललो नाही. मी तिळाच्या वड्या दिल्या होत्या त्याचा डबा तिनं बेनच्या हाती खाली पाठवला. उघडला तर रिकामा. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. मी डबा घेऊन तशीच वर गेले.

"रिकामा डबा पाठवलास? एवढा राग?"

काकी पलंगाशी बसून काकांची चादर बदलत होती. तिचे डोळे भरले. "राग नाय गो. घरात साखर नाय. काल पाणी आणू की वाण्याकडे जाऊ? गुडघा एकदाच उतरतो."

मी तिथेच फरशीवर बसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग वहिनींची कळशी काय भरलेली होती? तीही रिकामीच दिली ना तुला?"

काकीनं चादर बाजूला ठेवली.

"आणि दुसरं असं," मी म्हटलं, "वाण घेतलं की वाण द्यायचं असतं. तू माझ्याकडे येतेस, मी तुझ्याकडे येते. तेव्हा कुणी कुणाचं मिंधं होतं का? आपण वहिनींना कुठे बोलावलं? नुसतं घेऊन बसलो, म्हणून लाज वाटतेय."

काकीनं नाक पुसलं. "मग बोलवू या. रथसप्तमी अजून गेली नाय."

असं ठरलं आमचं हळदीकुंकू. वर्गणीतून मोठी कळशी घेतली, कमरेवर बसेल अशी. भांड्यांच्या दुकानात कोरायचं मशीन हातात धरून दुकानदारानं विचारलं, "नाम क्या डालूँ?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकी म्हणाली, "गल्लीचं नाव डालो." मशीन टर्रर्र करत गल्लीचं नाव कोरत गेलं आणि आम्ही सगळ्या डोकी घालून बघत उभ्या होतो.

आमंत्रण द्यायला मी आणि बेन गेलो. वहिनींना नाही म्हणता येईना, हळदीकुंकवाला कोण नाही म्हणतं? भाऊ खूश. म्हणाले, माइक लावून देतो, माणसं पाठवतो, मीही दोन शब्द बोलतो. मी म्हटलं, "भाऊ, बायकांचं हळदीकुंकू आहे. पुरुषांचं काय काम?" भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसल्या असाव्यात.

त्या दिवशी वहिनी एकट्या वर आल्या. भाऊ खाली गाडीत बसले, काच खाली करून. कार्यक्रम गच्चीत होता, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. चार जिने चढून वहिनींना धाप लागली. जरीची साडी, हातभर बांगड्या. टेकल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पाणी द्या बाई थोडं."

काकीनं तांब्या पुढे केला. "घ्या. खालून आणलंय."

"खालनं? गुडघे धरलेत तुमचे, आन् खालनं?" त्या तारोडी गावच्या. भाऊंच्या शेजारी उभ्या असल्या की छापील मराठी बोलायच्या, बोलायच्या म्हणजे नमस्कार एवढंच. आज त्यांच्या माहेरची बोली आपसूक बाहेर पडली.

कुंकू झालं, तिळगूळ झाला, उखाणे झाले. मग काकीनंच विषय काढला. "वहिनी, पाइप टॉवरपाशी का थांबला?"

"ते भाऊ बघतात."

"फोटो तर तुमचा लावलाय. उभे तुम्ही राहणार की भाऊ?"

वहिनी बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. मला आत कुठेतरी त्यांची दया आली. आमच्या घरात पाणी नव्हतं, त्यांच्या घरात त्यांचा शब्द नव्हता.

मग काकी कठड्याला धरून उठली आणि आमची कळशी घेऊन आली. गळ्यापर्यंत भरलेली. बेननं एक बाजू धरली होती. काकीनं वहिनींना पुन्हा कुंकू लावलं आणि म्हणाली, "हे आमच्या गल्लीचं वाण. आम्ही रिकामं भांडं देत नाय. तुमच्या गाडीनं माझा माणूस वाचवला, ते उपकार मी मरेपर्यंत मानणार. पण पाणी उपकारात नको. ते आमच्या हक्काचं आहे. तुमचं वाण फिटलं, आता मी सही करते."

आणि केली. वहिनींच्या समोर, माझ्या पेनानं, तिचं ते वळणदार मोठ्या अक्षरातलं पूर्ण नाव. तिच्यामागून बेननं गुजरातीत केली, मग सगळ्या जणी. मला रडूच आलं, आणि मी सहसा रडत नाही. सगळ्यांत शेवटी कुणीतरी आगाऊपणानं पेन वहिनींपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. आम्ही समजलो, झालं, रागावल्या.

त्या उठल्या. साडीचा पदर खोचला, कळशी एका हिसक्यात कमरेवर घेतली आणि जिना उतरायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या, पोचवेल कोणी." त्या म्हणाल्या, "कळशी उचलाया आमाला शिकवायची न्हाय. लगीन व्हईस्तवर हिरीवरनं हेच केलंय." चार मजले उतरल्या, थेंब सांडला नाही. खाली भाऊंचा ड्रायव्हर धावला तर त्यालाही दिली नाही. भाऊ गाडीतून अर्धे बाहेर आले, बघितलं आणि परत आत बसले. आम्ही गच्चीच्या कठड्यावरून सगळं बघत होतो.

पुढे निवडणूक झाली. वहिनी निवडून आल्या. मी मत कुणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. अर्ज पाण्याच्या ऑफिसात दिला होता, तिथे मी जाऊन बसायचे आणि विचारायचे. पाइप पुन्हा मंजूर झाला असं कळलं, आणि मी रोज बाल्कनीतून गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागले. कारण आता रस्ता होणार.

झालंही तसंच. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटची गाडी पोट फिरवत उभी. यंदा डांबर नाही, ब्लॉक नाही, थेट काँक्रीट. म्हणजे आमच्या जन्मात पुन्हा कोणी खोदणार नाही! मी बाल्कनीतून ओरडले. कुणी ऐकलं, कुणी नाही. काकीनं मात्र ऐकलं. ती तिरकी होऊन एकेक पायरी उतरत आली, हातात कळशी. वहिनींच्या नावाची. भर गल्लीच्या मधोमध तिनं ती ठेवली, नाव गाडीच्या बाजूला करून, आणि शेजारी उभी राहिली. बेननं तिची आणून ठेवली. मग दारं उघडत गेली. थोड्या वेळात गल्लीभर कळश्यांची रांग लागली, सगळ्यांवर एकच नाव, उन्हात चमकणारं.

मुकादम पुढे आला, वाकून नाव वाचलं आणि मागे सरला. नगरसेविकेच्या नावाला पाय कोण लावणार? त्यानं फोन केला. भाऊ आले, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. "माताभगिनींनो, विकासाला असा विरोध..."

काकी म्हणाली, "भाऊ, तुम्ही आता नगरसेवक नाय. नगरसेविकेला बोलवा."

वहिनी रिक्षानं आल्या. रांगेच्या कडेनं चालत गेल्या, स्वतःचं नाव वाचत. एक कळशी धक्क्यानं आडवी झाली होती, ती त्यांनी सरळ केली. मग मुकादमाकडे वळल्या. "पयला पाइप. मंग काँक्रीट. गाडी मागं घे."

"अगं, पण—" भाऊ म्हणाले.

"तुमी गाडीत बसा."

गल्ली अशी हसली की काय सांगू! भाऊसुद्धा हसले, त्याशिवाय त्यांना दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वहिनींच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पुढच्या वेळची मतं असतील, तारोडीची विहीर असेल, दोन्ही असतील. मला चालेल.

म्हणून सगळं आबादीआबाद झालं असं नाही. पाइप टाकायचं काम मिळालं कुणाला, तर भाऊंच्या भाच्याला. हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. टँकर आता मागच्या गल्लीत जातात. पण मागच्या गल्लीतल्या बायका परवा माझ्याकडे आल्या होत्या, रीत समजून घ्यायला. आणि यंदाच्या संक्रांतीला वहिनींच्या मंडपात आम्ही गेलो ते प्रत्येकीच्या हातात त्यांच्यासाठी वाण घेऊन. घेतलं, दिलं, हसलो, आणि तिथेच विचारलं की गटाराचं काम कुठवर आलं. त्यांच्या घरी जाणं झालं तेव्हा मी मुद्दाम आत डोकावले. आमच्या गल्लीच्या नावाची कळशी त्यांच्या ओट्यावर होती. भरलेली.

गेल्या वर्षी पाणी आलं त्या दिवशी मे महिना सरत आला होता. मी भाजी निवडत होते. फोन वाजला, काकीचा. उचलला तर आवाजच नाही, नुसता सळसळता गोंगाट. मी घाबरले. "काकी? काय झालं? काका बरे आहेत ना?"

"ऐक गो," ती लांबून ओरडली. फोन तिनं नळाखाली धरला होता. आम्ही दोघी बराच वेळ तसंच ऐकत राहिलो. मग तिनं फोन कानाला लावला.

"मुलाला कळवलं, येत नाय म्हणून. आणि तो गटाराचा अर्ज लिहून झाला का तुझा? पयली सही माझी."